मदत हवी आहे: डीव्हीडी ड्राइव्हचा ट्रे उघडतो, पण लिनक्सला ड्राइव्हच दिसत नाही

मंडळी, जरा अडकलोय. कारखान्यातला जुना डेस्कटॉप आहे. विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून त्यावर लिनक्स मिंट टाकलं. बाकी सगळं झकास, फक्त डीव्हीडी ड्राइव्ह गायब. टॉवेलची जुनी जॅकार्ड डिझाइनं सीडीवर आहेत आणि गिऱ्हाईकाला त्यातलंच एक परत हवंय.

बटण दाबलं की ट्रे बाहेर येतो, दिवा लागतो, सीडी फिरल्याचा आवाजही येतो. म्हणजे ड्राइव्ह चांगलाच असणार ना? पण एलएसबीएलके (डिस्क-ड्राइव्हची यादी दाखवणारी कमांड) दिलं की नुसती हार्ड डिस्क दिसते, एसआर० (लिनक्समधलं डीव्हीडी ड्राइव्हचं नाव) नाहीच. सीडीरॉम ग्रुपमध्ये, म्हणजे ड्राइव्ह वापरायची परवानगी असलेल्या गटात, स्वतःला घालून झालं, तीनदा रिस्टार्ट झालं. वडील म्हणतात, "चालतं मशीन बिघडवलंस, विंडोज टाक परत."

हां, मिंट टाकायच्या आदल्या दिवशी सीपीयू उघडून ब्लोअर मारला होता. आमच्याकडं सुताची धूळ इतकी की पंख्यावर गादी तयार होते.

शेंगाचटणी: मालक, शेवटी लिहिलंत ते आधी सांगायचं की! ट्रे, दिवा, मोटर हे सगळं पॉवर केबलवर चालतं. डेटाची केबल वेगळी, सात पिनांची, बारीक, बहुतेक लाल. ती निसटली तरी ड्राइव्ह आपला फिरत राहतो, कॉम्प्युटरला पत्ताच नसतो. आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीन चालू होताना लिनक्सच्या आधी उघडता येतं त्या सेटिंगमध्ये, ड्राइव्ह दिसतो का बघा. तिथंही नसेल तर लिनक्सचा काय दोष? तेव्हा ते सुरूसुद्धा झालेलं नसतं.

कडकभाकरी: सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून डीमेसेजही, म्हणजे लिनक्सच्या हार्डवेअर संदेशांची नोंदही, बघा. 'एसएटीए लिंक डाउन', म्हणजे डेटा केबलवरून जोडणी नाही, असं येतंय का? रिकाम्या पोर्टलाही तेच येतं, म्हणून ड्राइव्हची केबल कितव्या पोर्टला आहे ते आधी मोजा. आणि केबल काढण्याआधी मेन स्विच बंद!

धागाकर्ता: बायोसमध्येही नव्हता. केबल बसल्यासारखी दिसत होती, पण बोट लावलं तर हलली. बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनची केबल काढून शेजारच्या पोर्टला लावली, एसआर० हजर! पण हवी असलेली सीडी कॉपी करताना मधेच इनपुट-आउटपुट एरर येते.

शेंगाचटणी: मग फाइल मॅनेजरमधून पुन्हा पुन्हा कॉपी मारत बसू नका. सीडी मऊ कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मग खराब डिस्कमधून वाचेल तेवढं काढून इमेज (पूर्ण सीडीची एका फाइलमधली नक्कल) बनवणारं डीडीरेस्क्यू वापरा, पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू. ब्लॉक साईज २०४८ द्या आणि कुठवर वाचलं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल ठेवाच. मधे वीज गेली तरी राहिलं तिथून पुढं सुरू होतं, आणि आपल्याकडं ती जातेच.

धागाकर्ता: इमेज झाली. थोडे ब्लॉक गेले, पण गिऱ्हाईकाचं डिझाइन पूर्ण उघडलं. उरलेल्या सीड्या रात्री लावतो, आत्ता माग चालू आहेत.