मदत हवी आहे: डिमेन्शिया असलेल्या आईला महिनाभर सांभाळणारं कुणी, सांगली-मिरज

नमस्कार. आईला डिमेन्शिया आहे. ती सांगलीत विश्रामबागला दादा-वहिनीकडे असते आणि तिचं सगळं वहिनीच करते. आता वहिनीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलंय. नंतर दीड महिना वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय आणि आईला तर धरूनच अंघोळ घालावी लागते. दादा कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला. मी कराडहून आठवडाभर रजा काढून जाईन, पण पुढे काय?

आई चालती-फिरती आहे. दिवसा वहिनी सुपात शेंगा देते, त्या ती तासन्‌तास फोडत बसते, दाणे एकीकडे, टरफलं एकीकडे. दिवेलागण झाली की मात्र "मला घरी जायचंय" सुरू होतं, दाराची कडी वाजवत राहते. तेव्हा वाद घालायचा नाही, "चहा घेऊन निघू" म्हणायचं, की शांत होते. हे वहिनीनं स्वतःच शोधून काढलंय.

दोन-तीन वृद्धाश्रमांत विचारलं. कायमचं ठेवणार असाल तर बोला म्हणाले, त्यातही डिमेन्शिया म्हटलं की नकोच. केंद्र सरकारच्या, दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय न्यासाच्या 'समर्थ' योजनेत थोड्या दिवसांसाठी ठेवून घेतात, पण न्यासाच्या १९९९च्या कायद्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता एवढंच येतं, डिमेन्शिया नाही. ज्येष्ठांच्या १४५६७ हेल्पलाइनलाही विचारणार आहेच.

नातेवाईक म्हणतात, सून घरात असताना बाहेरचं माणूस कशाला? मला हे ऐकवत नाही. वहिनी माहेरी, जतला, कित्येक वर्षांत मुक्कामाला गेलेली नाही. निदान आजारपणात तरी तिला निवांत पडायला मिळावं.

सांगली-मिरजेत अशा पेशंटला महिनाभर ठेवून घेणारी खात्रीची जागा कुणाला माहीत आहे का? नाहीतर ब्युरोची चोवीस तासांची बाई. सध्या दर काय चाललाय? आईला सवय व्हावी म्हणून ती ऑपरेशनच्या किती आधीपासून ठेवावी? जागा बदलली की या आजारात गोंधळ वाढतो, म्हणून मला घरीच बाई ठेवणं बरं वाटतं. पण वहिनी डोळ्यांसमोर असली की आई तिलाच हाका मारणार आणि वहिनी उठणारच. मग टाके सुकल्यावर वहिनीलाच जतला पाठवावं का? कुणी असं केलं असेल तर आईनं कसं घेतलं, ते सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.