पाणी तोडू नका

पाणी पिणं कमी केल्यावर शिंकताना होणारी लघवीची गळती थांबते, असं वर एका ताईंनी लिहिलंय, त्याबद्दल. आमच्या सासूबाई लग्नकार्यात हेच करायच्या. लघवी गडद पिवळी झाली आणि घाई उलट वाढली!

खोकताना, हसताना, बादली उचलताना गळणं वेगळं. संडासाचं दार गाठेपर्यंत न धरवणं वेगळं. पहिल्यात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैलावलेले असतात (बाळंतपणं, पाळी जाणं, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ), दुसऱ्यात मूत्राशय अवेळी आकुंचन पावतं. दोन्ही एकत्रही असतात.

पहिल्यासाठी केगल व्यायाम (हेच तळाचे स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे): दिवसातून ३ वेळा, दरवेळी निदान ८ आकुंचनं, किमान ३ महिने. श्वास रोखायचा नाही, लघवीची धार अडवून सराव नको. जळजळ किंवा रक्त असेल तर आधी डॉक्टर. पाण्याऐवजी काही मोजून प्यायचंच तर चहा मोजा.