शिबिरांचे आकडे पुरे झाले, रक्तपेढीच्या टेबलावर काय होतं ते बोला

परळकर

मे १९५२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक छोटंसं टिपण आलं. पहिलं नाव डॉ. वाय. एम. भेंडे, त्यांच्याबरोबर देशपांडे आणि भाटिया, आणि लंडनकडचे सँगर, रेस, मॉर्गन, वॉटकिन्स. मुंबईत तीन माणसं अशी सापडली होती की त्यांच्या रक्तपेशींवर ना ए, ना बी. म्हणजे वरवर सरळ 'ओ'. पण त्यांचा सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) ओ गटाच्या पेशींच्याही गुठळ्या करत होता! ओ गटाच्या पेशीवर 'एच' नावाचा अँटिजेन, म्हणजे पेशीवरची ओळखीची खूण, असतो. ते घराचं जोतं समजा, ए आणि बी हे त्यावरचे मजले. या तिघांकडे जोतंच नव्हतं. त्यामुळे त्यांच्या शरीराला एच परका, आणि त्याविरुद्धची अँटिबॉडी (परक्या खुणेवर तुटून पडणारं प्रथिन) जन्मभर तयार. यांना फक्त यांच्यासारख्याचंच रक्त चालतं. तोच 'बॉम्बे ब्लड ग्रुप'.

हा शोध आपण स्पर्धा परीक्षेच्या प्रश्नसंचात नेऊन ठेवला आणि मोकळे झालो. साहेबांच्या वाढदिवसाला अमुक इतक्या पिशव्या, मंडळाचा विक्रम, फ्लेक्सवर आकडा. त्या पिशवीचं पुढे काय तपासलं, हे कोणी विचारतं का?

शिबिरात टाइलवर रक्ताचे थेंब टाकून गट बघतात, तो कच्चा गट. पेढीत गेल्यावर उलट तपासणी व्हायला हवी: दात्याचा सीरम घ्यायचा आणि ए पेशी, बी पेशी आणि ओ पेशी अशा तीन नळ्या लावायच्या. नेहमीच्या ओ दात्याच्या पहिल्या दोन नळ्यांत गुठळ्या होतात, तिसरी साफ राहते. बॉम्बेवाल्याची तिसरीही गुठळते. सगळा निकाल त्या तिसऱ्या नळीवर, आणि कंटाळा केला जातो तो नेमका तिचाच.

माझं म्हणणं एवढंच: पिशव्यांचे आकडे मिरवण्याआधी प्रत्येक पेढीत ओ पेशींची नळी आणि रुग्णाची अँटिबॉडी तपासणी (ए-बी सोडून इतर अँटिजेनविरुद्धच्या अँटिबॉडी त्याच्या रक्तात आहेत का, ते बघणं) सक्तीची करा. त्यापायी शिबिरं कमी झाली तरी चालतील.

तालुका_डॉक्टर

"शिबिरं कमी झाली तरी चालतील" हे परळला बसून लिहायला सोपं आहे हो.

माझ्याकडे रक्तपेढी नाही, रक्त साठवण केंद्र आहे. म्हणजे एक फ्रिज, एक टेक्निशियन आणि जिल्ह्याहून येतील तेवढ्या पिशव्या. बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झालेली बाई, आधीच हिमोग्लोबिन ६, नाडी लागत नाही. तिला अर्ध्या तासात ओळखीच्या गटाची पिशवी हवी असते. अँटिबॉडी पॅनल (कोणते अँटिजेन आहेत ते आधीच माहीत असलेल्या पेशींचा संच) नको असतो. दहा हजारांत एक सापडणाऱ्या गटासाठी उरलेल्या ९,९९९ जणांच्या रांगेत अडथळा घालू नका.

आणि क्रॉसमॅच म्हणून एक प्रकार असतो: रुग्णाचा सीरम आणि पिशवीतल्या पेशी एकत्र करून बघायच्या. बॉम्बेवाला रुग्ण आला तर एकही ओ पिशवी त्याच्याशी जुळणार नाही, तिथेच कळेल. मग सक्ती कशाला?

सेंट्रिफ्यूज

रक्तपेढीत टेक्निशियन आहे, म्हणून दोघांनाही थोडं टोचतो.

डॉक्टरसाहेब, क्रॉसमॅचमध्ये सापडतो तो बॉम्बे *रुग्ण*. बॉम्बे *दाता* कधीच सापडत नाही. त्याची पिशवी 'ओ' म्हणून लेबल लागून जाते, कुठल्यातरी ओ रुग्णाला चढते, आणि काहीही होत नाही. पेशींवर एचच नाही म्हटल्यावर समोरच्याला त्रास कसला होणार? एचविरुद्धची अँटिबॉडी असते ती प्लाझ्मात, म्हणजे पेशींभोवतीच्या द्रवात, आणि तो बहुतेक आधीच वेगळा केलेला असतो. चूक झाली तरी बोंब होत नाही, म्हणून ती पकडलीच जात नाही. दात्याला 'ओ पॉझिटिव्ह' असं कार्ड मिळतं, तो ते पाकिटात घालून हिंडतो. उद्या त्याचाच अपघात झाला की रात्री दोन वाजता आमची धावपळ. आणि ज्या दुसऱ्या बॉम्बेवाल्याला त्याची पिशवी लागली असती, त्याला ती मिळालेलीच नसते.

परळकर, ओ पेशींच्या नळीला खर्च नसल्यासारखाच आहे. खात्रीच्या ओ दात्यांच्या पेशी धुऊन आम्ही पेढीतच बनवतो. पण अँटिबॉडी तपासणीचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. तिच्या पॅनल पेशी विकत आणाव्या लागतात, आणि त्या काही आठवड्यांतच बाद होतात. महिन्याला दोन-चार नमुने येणाऱ्या पेढीत अर्धा संच तसाच टाकून द्यावा लागेल.

नाशिकची_आई

माझ्या मुलाला थॅलॅसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी रक्त.

सुरुवातीची काही वर्षं गट आणि आरएच जुळला की पिशवी लागायची. मग एकदा रक्त चढवूनही हिमोग्लोबिन वाढेना. ताप, लघवी लालसर. तपासल्यावर कळलं, शरीराने अँटी-ई तयार केली आहे. आरएच म्हणजे फक्त पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नसतं, त्यात सी, ई अशी आणखी भावंडं असतात हे तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. आपल्याकडे बहुतेकांच्या रक्तात हा ई नसतोच, म्हणजे बहुतेकांचं रक्त माझ्या मुलाला चालतं. पण कोणती पिशवी ई-नसलेली, हे आधी तपासलेलं नसेल तर दर वेळी पिशव्या काढून तपासत बसायचं. आम्ही बाकावर थांबायचं.

सुरुवातीपासून आरएचची ही भावंडं आणि केल (आणखी एक रक्तगट) जुळवून रक्त दिलं असतं तर ही अँटिबॉडी कदाचित झालीच नसती. डॉक्टर, तुमच्या बाळंतिणीला घाई असते, पटलं. माझ्या मुलाची तारीख मात्र तीन आठवडे आधीपासून भिंतीवर लिहिलेली असते. त्याला कसली घाई?

शिबिरवाला_सांगली

परळकर, फ्लेक्सवरून टोमणा मारलात तो लागला. मारा, सवय आहे.

पण मे महिन्यात कॉलेजं बंद, लोक गावाला, आणि पेढीतून फोन येतो, "भाऊ, काहीतरी करा." तेव्हा उन्हात मांडव घालणारे आम्हीच असतो. साधी पिशवी ३५ दिवस टिकते. जयंतीला हजार जमवायच्या आणि पुढच्या महिन्यात ठणठणाट, हे चुकतं हे आम्हालाही कळतं. म्हणून तर आम्ही तारखा वाटून घेतो.

आणि ते दुर्मीळ दात्यांचं. आमच्या ग्रुपवर मेसेज पडतो, "बॉम्बे ब्लड हवं, अर्जंट." पोरं एका रात्रीत दाता शोधतात, गाडीत घालून दुसऱ्या राज्यात पोचवतात. तुमच्या सक्तीने नाही, व्हॉट्सॲपने जीव वाचलेत.

परळकर

@शिबिरवाला_सांगली, वाचलेत, मान्य. पण ते व्हॉट्सॲप नीट बघा. तेच चार-पाच नंबर वर्षानुवर्षं फिरतायत. रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावरही मेसेज फिरतच राहतो आणि दात्याला रात्री-अपरात्री फोन येत राहतात. पुरुषाला दोन रक्तदानांत ९० दिवस थांबावं लागतं, बाईला १२०. मधे कोणी मागितलं तर तो 'नाही' म्हणणार, आणि त्याचाच जीव खालीवर होणार. नाव-नंबर गुप्त ठेवणारी नोंदवही हवी. परळच्याच एनआयआयएचने (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटोलॉजी, १९५२ च्या टिपणातल्याच डॉ. भाटियांच्या ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटरमधून वाढलेली ही संस्था) दुर्मीळ दात्यांची नोंदवही उभी केली आहे. पेढ्यांनी तिसरी नळी लावली नाही तर तिच्यात नावं येणार कुठून?

@सेंट्रिफ्यूज, पॅनल बाहेरून आणायचा, इथेच तर भाटियांचं काम आठवतं. १९७३ मध्ये बडाकेरे, जोशी, भाटिया आणि सहकाऱ्यांनी मुंबईतल्या लोकांच्या रक्तात एक नवा अँटिजेन शोधला. त्या गटप्रणालीचं नावच 'इंडियन'. युरोपीय दात्यांच्या पेशींत तो जवळपास नसतोच, म्हणजे तिकडच्या पॅनलवर आपल्याकडची ही अँटिबॉडी दिसणारच नाही. पॅनल इथल्याच दात्यांमधून बनवा, खर्चही उतरेल.

आणि "परवडत नाही" हे १९८९ मध्ये एचआयव्ही तपासणी सक्तीची झाली तेव्हाही म्हणत होते, २००१ मध्ये हिपॅटायटिस सीची तपासणी आली तेव्हाही. १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणं बंद झालं तेव्हा तर रक्तच मिळणार नाही म्हणून ओरड होती.

तालुका_डॉक्टर

तुलना जुळत नाही. एचआयव्हीची पिशवी जवळपास हमखास माणूस बाधित करते. अँटिबॉडी बहुतेक रुग्णांत नसतेच, असते ती पुन्हा पुन्हा रक्त घेतलेल्यांत आणि काही बाळंतिणींत. मग सरसकट सक्ती कशाला? नाशिकच्या ताई म्हणतात तसं थॅलॅसेमिया, सिकलसेल, वारंवार रक्त लागणारे, यांच्यापासून सुरू करा. माझ्या भागात सिकलसेलची मुलं कमी नाहीत.

आणि पॅनल जिल्ह्याला ठेवा. आज काय होतं सांगू? नमुना थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून एसटीच्या कंडक्टरच्या हातात देतो. स्टँडवर जिल्ह्याचा माणूस उभा नसला तर डबा त्याच गाडीने परत. आधी एक गाडी द्या, मग सक्तीचं बोला.

नाशिकची_आई

"बहुतेक रुग्णांत नसतेच" हे तपासल्याशिवाय कसं कळलं, डॉक्टर?

तालुका_डॉक्टर

ताई, जिथे तपासतात तिथल्या आकड्यांवरून. पण माझ्या तालुक्यात तपासलेलं नाही, हे खरं.

सेंट्रिफ्यूज

गोठवण्याचा विषय कोणी काढला नाही म्हणून टाकतो. बॉम्बेच्या पेशी ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांखाली ठेवल्या तर दहा वर्षं टिकतात. मग रात्रीचे फोन नकोत. पण वितळवून, धुऊन द्यायला वेळ जातो आणि नंतर २४ तासांत त्या वापराव्याच लागतात. असा फ्रीजर प्रत्येक जिल्ह्याला मागू नका, राज्यात दोन-तीन ठिकाणी पुरे. ठरवून होणारं ऑपरेशन असेल तर त्या बॉम्बेवाल्या रुग्णाचं स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवतात, तो सगळ्यात स्वस्त मार्ग.

शिबिरवाला_सांगली

बरं, मला झेपेल असं सांगा. पुढच्या शिबिराच्या अर्जावर भावंडांच्या नावांचा रकाना घालू का? बॉम्बे घराण्यात चालतो म्हणतात.

सेंट्रिफ्यूज

घालू नका. आईबाप दोघांकडून दोष आला तरच हा गट होतो. म्हणून मामाच्या मुलीशी, आतेभावाशी लग्नं होतात त्या घरांत जास्त दिसतो. एक सापडला की त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला चारात एक शक्यता. म्हणजे ज्याचा रिपोर्ट आला त्याच्याच घरी फोन करायचा, सगळ्यांची नावं कशाला गोळा करता? तुम्ही फक्त ज्या पेढीला शिबिर देता तिला एक प्रश्न विचारा: "उलट तपासणीत ओ पेशी लावता का?" नाही म्हणाले तर शिबिर दुसऱ्या पेढीला द्या. पिशव्यांसाठी पेढ्या तुमच्या मागे असतात, तुमचं ऐकतील. आमचं कोण ऐकतंय!