मदत हवी आहे : नेटफ्लोच्या नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत, पण चाळीस दिवसांमागचे काहीच सापडत नाही

घाटवाट
आमच्या महाविद्यालयाच्या नेटवर्कवरील वाहतुकीच्या नोंदी (नेटफ्लो) १८० दिवस जपून ठेवणे आवश्यक आहे. त्यासाठी तीन महिन्यांपूर्वी मी मुदत १८० दिवस केली, तरीही आज चाळीस दिवसांमागची एकही नोंद मिळत नाही. सेटिंग तीनदा तपासले आणि सर्व्हर दोनदा बंद करून सुरू केला. सोमवारी तपासनीस पुन्हा येणार आहेत, त्यामुळे ‘माहितीपुस्तिका वाचा’ असे न सांगता नेमके काय बदलायचे तेवढे कृपया लिहावे.

निळी_वायर
मुदत १८० केली, पण कशात केली? सॉफ्टवेअर कोणते, डिस्क केवढी, रोज किती माहिती साठते, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही.

पॅकेटपुराण
मुळात फ्लोच्या नोंदींवर विसंबणेच चुकीचे आहे. कोण कोणाशी, केव्हा आणि किती बोलला एवढेच त्यांतून कळते, म्हणजे हातात नुसते फोनचे बिल येते. मी आमच्या कार्यालयात टीसीपीडम्प (पॅकेट टिपणारे साधन) लावून संपूर्ण पॅकेट, म्हणजे मजकुरासकट सारी वाहतूक, साठवतो. आपणही तेच करावे.

निळी_वायर
पॅकेटपुराण, आपल्या कार्यालयात दहा संगणक असतील. सरासरी १०० एमबीपीएस वाहतूक धरली तरी सेकंदाला १२.५ एमबी, म्हणजे दिवसाला एक टीबीहून थोडे अधिक साठवावे लागेल, आणि १८० दिवसांचा हिशोब आपणच करावा. शिवाय बहुतेक मजकूर आता कूटबद्ध असतो, त्यामुळे एवढे साठवून वाचायला फारसे काही मिळणार नाही.

घाटवाट
डेबियन लिनक्सवर एनएफडम्प (फ्लोच्या नोंदी साठवणारे सॉफ्टवेअर) आहे आणि राउटर मायक्रोटिकचा आहे. रोज साधारण एक जीबी साठते. ५०० जीबीच्या डिस्कवर चारशेहून अधिक जीबी मोकळे आहेत. डिस्क भरलेली नाही हे उघडच असल्याने लिहिले नव्हते. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या व्यवस्थेतून) त्यातले जुन्या फाइली पुसणारे एनएफएक्सपायर ‘-ई’ (पुसा) आणि ‘-टी १८०डी’ (मुदत १८० दिवस) या पर्यायांसह चालते. ही व्यवस्था माझ्याआधीच्या सहकाऱ्यांनी उभी केली होती आणि ते आता येथे नाहीत.

दूरध्वनी
१८० दिवस पुरेसे नाहीत. नियमाप्रमाणे दोन वर्षे नोंदी ठेवाव्या लागतात, हे आधी लक्षात घ्या.

जुना_तारयंत्री
दोन वर्षांची अट दूरसंचार परवानाधारकांसाठी आहे आणि ती डिसेंबर २०२१ मध्ये परवान्यातील दुरुस्तीने आली. येथील १८० दिवस बहुधा सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतले असावेत. तो विषय येथेच थांबवावा.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. रोज एक जीबी आणि चाळीस दिवस हा मेळ योगायोगाचा वाटत नाही. मला दोन गोष्टी हव्या आहेत : एनएफकॅपडी (एनएफडम्पमधील नोंदी गोळा करणारा भाग) कोणत्या पर्यायांनी सुरू होते, आणि नोंदींच्या डिरेक्टरीवर एनएफएक्सपायर ‘-एल’ (मर्यादा दाखवा) चालवल्यावर काय दिसते? सर्वांत जुनी फाइल ३८ ते ४० दिवसांच्या दरम्यान मागेपुढे होते का, तेही पाहावे.

घाटवाट
एनएफकॅपडीलाही ‘-ई’ लावलेले आहे. ‘-एल’मध्ये कमाल आकार ४० जीबी दिसतो आणि कमाल मुदतीची मर्यादाच नाही. मग मी घातलेले १८० गेले कोठे? जुनी फाइल मात्र आपण म्हणता तशीच मागेपुढे होते.

जुना_तारयंत्री
आपल्याकडे एकाच घरात दोघे केर काढत आहेत. क्रॉनमधील एनएफएक्सपायर ‘-ई’ फक्त आज्ञेत दिलेल्या मर्यादा पाळते आणि त्या कोठेही लिहून ठेवत नाही. याउलट एनएफकॅपडी हा कलेक्टर (जिल्ह्याचा नव्हे, नेटफ्लोचा) ‘-ई’ असल्यास प्रत्येक फाइल बंद झाल्यावर, म्हणजे सामान्यतः दर पाच मिनिटांनी, डिरेक्टरीतील स्टॅटफाइलमध्ये पूर्वी नोंदवलेल्या मर्यादांप्रमाणे साफसफाई करतो. तेथे अजून जुने ४० जीबी आहेत. मर्यादा गाठली की तो तिच्या ९५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३८ जीबीपर्यंत, फाइली पुसतो.

एनएफएक्सपायर ‘-यू’ (नोंदवलेल्या मर्यादा बदला) त्या डिरेक्टरीवर ‘-टी १८०डी’ आणि ‘-एस ३००जी’ (कमाल आकार ३०० जीबी) यांसह एकदा चालवा, मग ‘-एल’ने खात्री करा आणि क्रॉनमधील ओळ काढून टाका. आकाराची मर्यादा शून्य करून काढून टाकण्याचा मोह टाळावा, कारण वाहतूक वाढल्यावर डिस्क भरून कलेक्टरच बंद पडेल. पुसलेले मात्र परत येणार नाही. १८० दिवस भरायला अजून साधारण १४० दिवस लागतील, आणि तपासनिसांना ते तसेच सांगावे.

निळी_वायर
त्यासोबत एक पाहावे. फ्लो नॅटनंतरच्या (राउटर आतले पत्ते बदलून एकच सार्वजनिक पत्ता लावतो त्यानंतरच्या) बाजूने घेतले असतील तर सर्व विद्यार्थी एकाच सार्वजनिक पत्त्याखाली दिसतील. आतल्या बाजूने घेतले असले, तरी तो पत्ता त्या वेळी कोणाकडे होता हे डीएचसीपीच्या (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) नोंदींशिवाय कळत नाही. त्या किती दिवस राहतात?

घाटवाट
‘-यू’ चालवले. ‘-एल’मध्ये आता ३०० जीबी आणि १८० दिवस दिसतात, आणि काल सर्वांत जुनी असलेली फाइल आजही जागेवर आहे. आभारी आहे. फ्लो आतल्या बाजूनेच घेतलेले आहेत. डीएचसीपीच्या नोंदी मात्र राउटरच्या मेमरीतील एक हजार ओळींत आहेत, आणि परवा वीज गेली होती.