टॅलाडेगा १९८७ : रिस्ट्रिक्टर प्लेट का आली?

प्रश्न : अमेरिकेतल्या टॅलाडेगा ट्रॅकवर १९८७ च्या शर्यतीआधी चालक बिल एलियटने नोंदवलेला ताशी २१२.८०९ मैलांचा पात्रता फेरीतला वेग आजही अबाधित आहे. मग नासकारने (स्टॉक कार, म्हणजे बाहेरून साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या रेसिंग गाड्यांच्या शर्यती भरवणारी संस्था) १९८८ पासून रिस्ट्रिक्टर प्लेट का लावली? ती नेमकी काय करायची?

उत्तर १ : त्याच शर्यतीत चालक बॉबी अ‍ॅलिसनच्या गाडीचं इंजिन फुटलं, तुकड्यांनी मागचा उजवा टायर फाटला. गाडी गर्रकन फिरून तिची मागची बाजू पुढे आली, ती हवेत उचलली गेली आणि प्रेक्षकांसमोरचं कुंपण फाडत गेली. अशा मागची बाजू पुढे आलेल्या स्टॉक कारच्या छतावर हवा उचल निर्माण करते, म्हणून वेग कमी करणं भागच होतं.

उत्तर २ : प्लेट म्हणजे चार भोकांची सपाट धातूची पट्टी, कार्ब्युरेटर (हवा-इंधन मिसळणारा भाग) आणि इनटेक मॅनिफोल्डच्या (ते मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्यांच्या) मध्ये बसवलेली; मुख्य मालिकेत ती २०१९ च्या सुरुवातीपर्यंत वापरात होती. हवा कमी, म्हणून इंधनही कमी जळायचं, ताकद घटायची. पण थ्रॉटल (वेग वाढवायचं पेडल) पूर्ण दाबूनही कुणी सुटून पुढे जात नसे. सगळे एका घोळक्यात, आणि एक घसरला की वीस गाड्या गुंतायच्या! माझ्या मते हा मोठा तोटा.

उत्तर ३ : उचलीवरचा खरा इलाज १९९४ चे रूफ फ्लॅप. गाडीची मागची बाजू पुढे आली की छतावरचे हे पंख आपोआप उघडतात.