मदत हवी आहे : पी५३ (ट्यूमर रोखणारं प्रथिन) पूर्ण निगेटिव्ह, पण सिक्वेन्सिंगमध्ये म्युटेशन नाही

पॅरोटिडचा (कानापुढच्या लाळग्रंथीचा) सॅलिव्हरी डक्ट कार्सिनोमा हा कर्करोग, शेजारी जुन्या प्लिओमॉर्फिक ॲडेनोमाचा (कर्करोग नसलेल्या गाठीचा) अवशेष. ४ मायक्रॉनचा काप, पी५३ रंगवायला डीओ-७ क्लोनची अँटिबॉडी. कर्करोगाच्या पेशींत पी५३ अजिबात नाही. लिम्फोसाइट आणि ॲडेनोमाच्या पेशी मात्र फिकट, तुरळक रंगल्या आहेत. म्हणजे फिक्सेशनचा दोष नसावा, हा खरा नल पॅटर्न (जनुक बिघडल्यानं प्रथिनच न दिसणं) वाटतो.

सिक्वेन्सिंग फक्त टीपी५३च्या (पी५३ बनवणाऱ्या जनुकाच्या) एक्सॉन ५ ते ८ या तुकड्यांचं झालंय. नॉनसेन्स, फ्रेमशिफ्ट किंवा स्प्लाइस बदल (प्रथिन नीट बनू न देणारे) त्याबाहेरही असतात, आणि मोठं डिलीशन (जनुकाचा मोठा भाग गळणं) तर या पद्धतीत निसटतंच. (‘निगेटिव्ह म्हणजे नॉर्मल’ असं लिहिलेला रिपोर्ट मनाला पटत नाही.)

आता एक्सॉन २ ते ११ करावं की आधी कॉपी नंबर (जनुकाच्या किती प्रती उरल्यात ते)? ॲडेनोमा व लिम्फोसाइट खरवडून वगळायचे, तर ट्यूमरचं प्रमाण किमान किती धरता? सीडीकेएन२ए या ट्यूमर रोखणाऱ्या दुसऱ्या जनुकाचं डिलीशन त्याच डीएनएतून विश्वासानं कळेल का?