टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) पेपर १ की २? नाशिकमधल्या शिक्षकांनी प्लीज सांगा
नमस्कार मंडळी, बायको सुरगाणा तालुक्यात झेडपी शाळेत आहे, २००६ ला शिक्षणसेवक म्हणून लागली तेव्हा टीईटी नव्हतीच, आणि आता १ सप्टेंबर २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलेत त्यांना दोन वर्षांत पास व्हायचंय. इतकी वर्षं शिकवलेल्यांवर हा अन्यायच आहे. असो. नेमणूक पहिली ते पाचवीवर, पण सध्या सहावी ते आठवीला पदवीधर शिक्षक आहे, मग पेपर कुठला द्यायचा? की दोन्ही? बालमानसशास्त्र रात्री भांडी आवरून वाचते, गणित मात्र अडतंय. नाशिकरोड किंवा पंचवटीत रविवारचा चांगला क्लास असेल तर सांगा ना.